रानडुकरासाठी कोणती बंदूक?

मागच्या भागात आपण तुंग्याची १७८७ ची लढाई पाहिली. महादजी शिंदे आणि जयपूरचे प्रतापसिंह यांच्या तोफा, घोडदळ, माघार असं सगळं त्यात होतं. आज लढाई नाही. आजचा विषय घरातून आला आहे, फोनवरून.

माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. गेल्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. इतक्या रात्री फोन म्हटल्यावर आपल्या छातीत धस्स होतं. पण तो शेतातल्या माळ्यावर बसून बोलत होता. खाली हरभरा उभा होता आणि तो जागलीला होता. म्हणाला, "मामा, तुम्ही फौजेतले. स्वस्तातली एखादी रायफल सांगा नं. डुकरांनी पार वाट लावली."

रात्री झोप येऊ नये म्हणून तो मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहत होता. टेक्सासमधला एक शेतकरी दुकानात जातो, चार रायफली हातात घेऊन पाहतो, खिशाला परवडेल ती घेतो आणि त्याच आठवड्यात डुकरं मारतो. भाच्याला वाटलं, आपणही तसंच करावं. मामा पस्तीस वर्षं रायफल घेऊन हिंडला, त्याला विचारावं.

मी म्हटलं, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. स्वस्त रायफल कोणती, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण ती आपल्याकडे इतकी मोजकी का, विशिष्ट बोअरचीच का, आणि ती घेऊनही शेतकऱ्याला डुक्कर मारता का येत नाही, हे सांगायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं. आणि मी राहतो ते जयपूर या गोष्टीच्या अगदी मधोमध आहे.

आधी टेक्सासचं पाहू. अमेरिकेत डुक्कर हा मूळचा प्राणी नाही. स्पॅनिश सरदार हेर्नांदो दे सोतो १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर डुकरांचा कळप होता. चालता-फिरता शिधाच तो. त्या आणि नंतरच्या वसाहतवाल्यांच्या डुकरांपैकी काही सुटली, रानात गेली आणि वाढली. म्हणजे तिथलं रानातलं डुक्कर हे पळालेलं पाळीव डुक्कर, कायद्याच्या दृष्टीनं उपद्रवी पाहुणा. टेक्सासमध्ये तर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपलं रानडुक्कर इथलंच आहे, माणसाच्या आधीपासून इथं आहे. आपला कायदा त्याला वन्यप्राणी मानतो. तिथला व्हिडिओ पाहून इथं बंदूक घेणं म्हणजे शेजारच्या गावाचा सातबारा दाखवून आपल्या गावात कर्ज मागण्यासारखं आहे.

आता जयपूर. इथल्या सिटी पॅलेसमध्ये सिलेहखाना आहे, म्हणजे शस्त्रागार. पाहुणे आले की मी त्यांना तिथं नेतो. तलवारी, कट्यारी पाहून लोक पुढं सरकतात, मी मात्र तोडेदार बंदुकांपाशी थांबतो. लांब नळी, सडपातळ दस्ता, बाजूला छोटीशी कानी. कानीत बारीक दारू टाकायची, जळती जामगी चापाच्या टोकाला अडकवायची, चाप दाबला की जामगी कानीवर टेकते आणि बार उडतो. नळी समोरून ठासून भरायची. एक बार झाला की दुसरा भरायला अर्धा मिनिट सहज जातो. पावसात जामगी विझते. रात्री तिचा निखारा दिसतो आणि वास तर डुकराला त्याच्याही आधी येतो. डुकराची नजर कमजोर, पण नाक जबर.

मग राजपूत डुकराची शिकार कशानं करीत? बहुतेक भाल्यानं, घोड्यावरून. कर्नल जेम्स टॉडनं राजस्थानचा इतिहास लिहिला, त्याचे दोन खंड १८२९ आणि १८३२ मध्ये निघाले. त्यात मेवाडच्या फाल्गुनातल्या अहेरिया शिकारीचं वर्णन आहे. राणा आपल्या सरदारांना हिरवा पोशाख वाटतो, ज्योतिषी मुहूर्त काढतो, सगळे रानडुकरावर निघतात आणि मारलेलं डुक्कर गौरीला अर्पण होतं. त्या दिवशीच्या शिकारीवरून वर्ष कसं जाणार याचा अंदाज बांधत. रानडुक्कर हे राजपुताच्या हिशेबी बरोबरीचं जनावर होतं, कारण जखमी झालं तरी ते पळण्याऐवजी उलटून अंगावर येतं.

इंग्रज अधिकाऱ्यांनी हाच खेळ उचलला आणि त्याला पिग-स्टिकिंग म्हटलं. मेरठकडे त्यासाठी कादिर कपची स्पर्धा भरे. स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं तो कप १८८३ मध्ये जिंकला आणि १८८९ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं. घोडदळाच्या अधिकाऱ्याला घोडा, नजर आणि भाला एकत्र चालवायची सवय यातून लागते, असं तेव्हाचं मत होतं. त्या मंडळींत जिथं घोडा धावू शकतो तिथं डुकरावर गोळी झाडणं हे असभ्य मानलं जाई. हा शिष्टाचार लक्षात ठेवा, कारण त्याची किंमत कुणी मोजली ते आता पाहू.

खेळायला डुक्कर पाहिजे, तर डुक्कर राखायला हवं. जयपूरच्या कडेला झालानाचं जंगल आहे. आज तिथं लोक बिबटे पाहायला जीपमधून जातात. त्या जंगलात एक जुनी शिकार-ओदी अजून उभी आहे. ओदी म्हणजे शिकारीसाठी बांधलेली पक्की इमारत. वर बसायला जागा, भिंतीत बार काढायला झरोके. उदयपूर, अलवर, बुंदी, कोटा, सगळीकडे अशा ओद्या आहेत. पण ओदी ही फक्त इमारत नसते. तिच्याभोवतीचं रान राखीव असतं, तिथलं गवत राखीव, लाकूड राखीव आणि जनावरही राखीव. ते जनावर रात्री रानाबाहेर येऊन शेतात शिरलं तरी ते राजाचंच असतं.

जयपूरहून अलवर दीडशे किलोमीटरच्या आसपास. अलवर संस्थानात अशा राखीव कुरणांना रूंध म्हणत. रूंधांत डुकरांचे कळप मोकळे हिंडत, रात्री शेतात उतरत, आणि शेतकऱ्यानं त्यांना मारायचं नाही असा दंडक होता. मारलं तर शिक्षा. पीक गेलं तरी सारा माफ नाही. १९२१ मध्ये अलवरचे शेतकरी याविरुद्ध उठले. मागणी साधी होती. आमच्या पिकावर आलेलं डुक्कर आम्हाला मारू द्या. शेवटी दरबाराला नमतं घ्यावं लागलं आणि डुकरं मारायची मुभा मिळाली.

त्याच १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानात आला. राजपुतान्यात फिरताना जोधपूरला सर प्रतापसिंहांकडे त्यानं घोड्यावर बसून, भाला घेऊन डुकरांचा पाठलाग केला. एकाच वर्षी, एकाच राजपुतान्यात, एकाला डुकरामागं धावायला घोडे तयार ठेवलेले आणि दुसऱ्याला आपल्या ज्वारीत आलेलं डुक्कर मारायला आंदोलन करावं लागलेलं.

अलवरचं पुढचं पान जास्त काळं आहे. वाढीव साऱ्याविरुद्ध बानसूर भागातल्या नीमूचाणा गावात शेतकरी जमले होते. मे १९२५ मध्ये संस्थानच्या फौजेनं त्यांच्यावर गोळीबार केला आणि गाव जाळलं. गांधीजींनी त्याला डायरशाहीच्या पुढचं पाऊल ठरवलं. तिथला झगडा डुकरांचा नव्हता, साऱ्याचा होता, हे मी मुद्दाम सांगतो. पण शेतकरी तोच, दरबार तोच. आणि बंदुका कुणाकडं होत्या हेही तेच.

कुणी म्हणेल, हे संस्थानांचं झालं, आपल्याकडे तर इंग्रजी अंमल होता. म्हणून आता महाराष्ट्रात येऊ.

१८५७ नंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. देशी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येणार नाही, युरोपियनांना सवलत, असा तो कायदा. त्याच सुमारास जंगलखात्यानं राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या. एका बाजूनं जंगल राखीव झालं, दुसऱ्या बाजूनं बंदूक गेली, आणि मधल्या पट्टीत शेतकरी उभा राहिला.

ही गोष्ट त्याच वेळी ज्यानं नेमकी पकडली तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी रानडुकरांचा प्रश्न घेतला आहे. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. शेतकऱ्याजवळ साधी गावठी बंदूक राहू द्यायचा सरकारला भरवसा वाटत नसेल तर ठीक आहे, मग डुकरांचा बंदोबस्त सरकारनं पोलिसांकडे द्यावा. आणि तरीही डुकरांनी पीक खाल्लं, तर त्याची भरपाई पोलीस अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून व्हावी. कायदा येऊन फक्त पाच वर्षं झाली होती. मी फौजेत असताना आम्हाला शिकवलं जाई की ज्याच्याकडून अधिकार काढून घेतला, त्याची जबाबदारीही काढून घेतली पाहिजे. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. फुल्यांनी सरकारला तेच सुनावलं होतं.

आता बंदुकीकडं येतो, कारण भाच्याचा मूळ प्रश्न तोच.

भारतात गावाकडे परवान्याची रायफल पाहिली तर बहुतेक वेळा ती .३१५ ची असते. राजस्थानात, उत्तर प्रदेशात कुणालाही विचारा, "तीन सौ पंद्रह बोर" हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. जगात हा बोअर फारसा कुठं दिसत नाही. मग आपल्याकडेच का? याचं कारण वायव्य सरहद्द आहे.

इंग्रजी फौजेची रायफल होती .३०३, त्याआधी मार्टिनी-हेन्री, म्हणजे .५७७/४५०. सरकारला भीती ही की शिकारीसाठी आणलेली गोळी किंवा काडतूस बंडखोरांच्या हाती गेलं तर ते फौजेकडून पळवलेल्या रायफलीत चालेल. म्हणून फौजी बोअर सामान्य माणसाला बंद झाले. १९०७ च्या सुमारास .४५० च्या दारूगोळ्यावर बंदी आली आणि लंडनच्या कारखानदारांनी राजे-महाराजांसाठी .४६५, .४७० अशा नव्या जाड बोअरच्या दुनळी रायफली काढल्या. त्या हत्ती-वाघाच्या, आणि किंमतही तशीच. ज्याला साधी, एकनळी, बोल्टची रायफल हवी त्याच्यासाठी वेगळी वाट निघाली. ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस इंग्रजी फौजेच्या कशातच बसत नव्हतं. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीसारख्यांनी ली-एनफिल्डच्या घडणीची रायफल त्या काडतुसासाठी बनवून हिंदुस्थानात विकली.

स्वातंत्र्यानंतर हीच रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागली. मी नोकरीत आलो तेव्हा माझ्या हातात जी एसएलआर पडली ती ईशापूरचीच होती. त्याच छताखाली नागरिकांसाठी .३१५ बनत होती. पाच गोळ्यांचं मॅगझिन, ओढून लावायचा बोल्ट, वजनानं सोळा ग्रॅमच्या आसपास जाणारी जाड, संथ गोळी. तिचं काडतूस पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतं, जो १८६९ पासून उभा आहे. म्हणजे पहा, साहेबाला सरहद्दीवरच्या पठाणाची भीती वाटली, म्हणून आज यवतमाळच्या शेतकऱ्याला या बोअरची रायफल मिळते. साहेब गेला, पण फौजी बोअर नागरिकाला मना, हा नियम आपण ठेवला.

आणखी एक गोष्ट ठेवली. १९५९ चा शस्त्र कायदा हा आपला, स्वतंत्र भारताचा. त्याच्या तेराव्या कलमात पीक-संरक्षणाचा उल्लेख आहे. पण तो कोणत्या बंदुकीसाठी? ठासणीच्या. कायदा सांगतो, संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली बिनआट्यांची बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी बिनआट्यांची बंदूक. १९५९ साली जगात जेट विमानं उडत होती, आणि शेतकऱ्याच्या हातात सिलेहखान्यातल्या बंदुकीची चुलतबहीण दिली गेली. तोड्याऐवजी टोपी, एवढाच फरक.

आमच्या आजोबांकडे, वर्धा जिल्ह्यात, अशी ठासणीची बंदूक होती. लहानपणी मी त्यांना गज घालून ती भरताना पाहिलं आहे. दारू, वर चिंधी, मग छर्रे, परत चिंधी. बार उडाला की धुरात काही दिसायचं नाही आणि डुकरं तोवर पलीकडच्या शिवारात. आजोबा हसून म्हणत, ही बंदूक डुकराला मारत नाही, उठवते. निवडणूक आली की बंदूक चौकीत जमा करायची, निकालानंतर परत आणायची. आजोबा गेले त्या वर्षी ती अशीच जमा होती. परवाना नावावर करायला कुणी गेलं नाही. आम्ही पोरं शहरात होतो, मी तर सरहद्दीवर. बंदूक तिथंच राहिली. यात दोष कुणाला द्यायचा तर तो आमचा. पण त्या वर्षीपासून आमच्या शेतात भुईमूग लावणं बंद झालं, हे मला मोठा झाल्यावर कळलं.

पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करायची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. हा कायदा गरजेचा होता. ज्या ओद्यांविषयी मी बोललो, त्यांच्या पुढ्यात इतके वाघ पडले की पुढच्या पिढीला दाखवायला उरतील की नाही अशी वेळ आली होती. मी स्वतः आयुष्यभर रायफल हाताळली, पण रानातल्या जनावरावर एकही गोळी झाडलेली नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण एक गोष्ट पुन्हा तशीच घडली. जनावर पूर्वी राजाचं होतं, ते आता सरकारचं झालं. कायद्याप्रमाणे परवानगीनं मारलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता असतं.

आता भाच्याला बंदुकीबद्दल जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, .२२ चा विचार सोडून दे. ती हलकी, स्वस्त, काडतूस स्वस्त, पण मोठ्या डुकरासाठी ती अपुरी आहे. वाढलेला नर शंभर किलोच्या वर जातो आणि त्याच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढाल असते. लहान गोळी तिथं अडकते आणि डुक्कर जखमी होऊन उसात नाहीतर तुरीत शिरतं. सकाळी त्या तुरीत निंदायला बाया जातात. जखमी डुकरानं मांडी फाडलेला माणूस ज्यानं पाहिला आहे तो .२२ चं नाव घेत नाही.

दुसरी, बारा बोअर. सगळ्यांत व्यवहारी बंदूक ही. परवाना मिळायला त्यातल्या त्यात सोपी, जुनी चांगल्या अवस्थेतली मिळते, काडतूस मिळतं. एलजीच्या काडतुसात मोजकेच जाड छर्रे असतात. पण तीस-पस्तीस मीटरच्या पुढं तिचा भरवसा धरू नये. माळ्यावरून, पिकाच्या धाऱ्यावर आलेल्या डुकरासाठी एवढं पुरतं. आणि तिचा मोठा गुण म्हणजे छर्रा लांब जात नाही.

तिसरी, .३१५. डुकराला पुरून उरते. रायफलींत परवडणारी म्हणाल तर हीच. .३०-०६ त्याहून चांगली, लांब पल्ल्याची, पण रायफल महाग आणि काडतूसही महाग. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे जुन्या विलायती रायफलींचे भाव नावामुळेच चढलेले असतात. त्या मोहात पडू नये. जुनी .३१५ घ्यायची तर आधी नळीतून उजेडाकडे बघा. आटे धारदार दिसले पाहिजेत, गंजाचे खड्डे नकोत. बोल्ट बंद केल्यावर खुळखुळता कामा नये. दस्त्याच्या मानेला, जिथं आपली मूठ येते तिथं, चीर नको. दहा गोळ्या लक्ष्यावर झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि काडतूस आपल्या जिल्ह्यात मिळतं का ते रायफलीआधी विचारा.

पण विदर्भासारख्या सपाट मुलखात मी .३१५ ची शिफारस करत नाही, हे ऐकून भाचा चकित झाला. कारण तिची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पुढंही माणूस मारू शकते. फौजेत गोळीबाराच्या मैदानावर मागं मातीचा बांध असतो, झेंडे लावलेले असतात, पहारा असतो. शेतात रात्री दोन वाजता डुकराच्या मागं काय आहे? दुसऱ्या शेतातला जागल्या आहे. तोही आपल्यासारखाच अंधारात, घोंगडी पांघरून, वाकून बसलेला. बॅटरीच्या उजेडात वाकलेला माणूस आणि डुक्कर यांत फार फरक दिसत नाही. माळ्यावरून खाली, जमिनीकडं तोंड करून, जवळून, बारा बोअर. याच्या पलीकडं मी जायला तयार नाही.

आणि चौथी गोष्ट, जी खरं तर पहिली. बंदूक घेतली म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. हे दोन वेगळे कागद आहेत. एक शस्त्राचा परवाना, तो जिल्हा प्रशासन देतं. दुसरा वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाचा. त्यात लिहिलं आहे की जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकांसह, धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. उभं पीक हे शब्द कायद्यात आहेत, ते लक्षात ठेवा आणि अर्जात लिहा. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनं दुसऱ्या अनुसूचीत आलं, पण ही वाट उघडी आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे.

अलीकडं सरकारनं वेगवेगळे उपाय करून पाहिले. केंद्रानं २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत आणि २०१६ मध्ये उत्तराखंडात ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी ठरवलं. केरळनं २०२२ मध्ये परवानगी द्यायचा अधिकार गावाच्या निवडून आलेल्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. मला केरळची दिशा पटते. ज्याला शेत माहीत आहे, कुणाकडे बंदूक आहे आणि तो रात्री किती पितो हेही माहीत आहे, त्यानं ठरवावं. अर्थात त्यावर वनखात्याचं लक्ष हवंच, नाहीतर डुकराच्या नावावर सांबर पडायला वेळ लागणार नाही.

भाच्यानं रायफल घेतली नाही. त्याच्या शिवारातल्या अकरा शेतकऱ्यांनी मिळून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज केला, पंचनाम्यांच्या प्रती जोडल्या, आणि भरपाईचे अर्ज वेगळे केले. शेजारच्या गावात एका निवृत्त मास्तरांकडे परवान्याची बारा बोअर आहे, त्यांची संमती घेतली. परवानगी अजून आलेली नाही. हरभरा तर गेलाच. परवा फोनवर म्हणाला, "मामा, एकशे चाळीस वर्षांपूर्वी फुल्यांनी सांगितलेली भरपाई अजून पुरती मिळत नाही, मग तुमच्या इतिहासाचा उपयोग काय?"

मी त्याला सांगितलं, अलवरच्या शेतकऱ्यांना १९२१ मध्ये मुभा मिळाली ती बंदुकीमुळं नाही मिळाली. बंदूक त्यांच्याकडं नव्हतीच. एकेकट्यानं रडणं सोडून सगळ्यांनी एक मागणी लावून धरली म्हणून मिळाली. तुम्ही अकरा आहात. पुढच्या हंगामाच्या आत पन्नास व्हा.

तो "बघतो" म्हणाला. त्याच्या मागं कुत्री भुंकत होती, डबा वाजवल्याचा आवाज येत होता. मग फोन बंद झाला.

तुमच्या भागात ठासणीच्या बंदुकीच्या, जागलीच्या आठवणी असतील, आजोबांकडून ऐकलेल्या असतील, तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण जयगडावर जाऊ आणि १७२० साली ओतलेली जयबाण तोफ पाहू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.